बांधीतलं स्टेशन

कार्तिक लागला की आमच्याकडचा वास बदलतो. गोंदियाच्या स्टेशनाबाहेरची ई-रिक्षांची झुंबड कशीबशी मागे टाकावी, गोरेगावच्या रस्त्याला लागावं, नव्या लेआउटच्या रंगीत पाट्या संपतात न संपतात तोच पिकल्या धानाचा वास हेल्मेटच्या आत शिरतो. थोडा गोड, थोडा दमट. भात शिजण्याआधीच भाताची आठवण करून देणारा. अशा वासानं चारचौघांना बालपण आठवत असेल. मला एक इंजिनिअर आठवतो. लाल फडकं बांधलेली एक खुंटी आठवते. आणि बांधीच्या काठावर हातात चहाची किटली धरून, तोंड उघडं ठेवून उभा असलेला मी.

तोंड उघडं राहणं हा माझा जुना आजार आहे. सौ. म्हणते, तुमच्या तोंडात माशी जायला वेळ लागत नाही, शब्द बाहेर यायला लागतो. तिला मी यावर आजवर उत्तर देऊ शकलेलो नाही. कारण तेच.

दोन-तीन सालांमागचा तो हंगाम. गोंदियात मेट्रोचा ताप आला होता. कागदोपत्री तिला मेट्रो कोणीच म्हणत नव्हतं. वाढत्या शहरासाठी नवी रेल्वे, छोटे डबे, जवळजवळचे थांबे, स्टेशनापासून निघून नव्या वस्त्यांमधून थेट गोरेगावकडे, एवढंच काय ते ऐकू आलं होतं. पण चहाच्या टपरीवर कागदोपत्री शब्द चालत नाहीत. "भैया, अब गोंदिया भी मेट्रो सिटी," असं टपरीवाल्यानं एकदा जाहीर केलं आणि झालं, मेट्रो आली.

आमच्या गावाला रेल्वेचं काय कौतुक, असं परक्याला वाटेल. रात्रंदिवस आमच्या छातीवरून हावड्याच्या आणि मुंबईच्या गाड्या धडधडत जातात. पण बाजारातून कॉलेजला जायचं तर एका ई-रिक्षात इतकी माणसं कोंबलेली असतात, की चालवणारा स्वतः अर्धा बाहेर बसून हँडल धरतो. देशाच्या दोन टोकांना जायला गाडी आहे. रुळांच्या या अंगाहून त्या अंगाला जायला मात्र नशीब लागतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात बसतो. खेड्यावरून येणाऱ्या पोरी रोज धापा टाकत, ओढण्या सावरत दारातून शिरताना बघतो. एसटी थांबली नाही, सर. एसटी भरून गेली, सर. म्हणून मी मेट्रोच्या बाजूचा झालो. नुसता झालो नाही, पुढारी झालो. सकाळच्या फिरण्याच्या मंडळानं मला मेट्रोसाहेब म्हणायला सुरुवात केली आणि मला ते मनातून आवडलं, हे आता सांगायला हरकत नाही.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मी नकाशा काढला. मुलाचे रंगीत खडू, पट्टी, खोडरबर. स्टेशन, बाजार, कॉलेज, नव्या वस्त्या सगळं रंगवलं. एक थांबा आमच्या गल्लीच्या तोंडाशी ठेवला, तेवढा मान माझा. सौ.नं मागून डोकावून पाहिलं. "शहर सुधरवून झालं की मोरीचा नळ बघा. महिना झाला गळून राहिला."

वस्त्या संपल्यावर नकाशात काहीच नव्हतं. कोरा कागद. तिथून गोरेगावपर्यंत मी पट्टी ठेवली आणि एका दमात लाल रेघ ओढली. कोऱ्या कागदावर रेघ फार सुंदर ओढली जाते.

त्या कोऱ्या कागदावर मोठीमाय राहते.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची बायको. सत्तरीच्या आसपासची, पाठीतून वाकलेली, आवाजातून अजिबात न वाकलेली. मोठे बाबा गेल्यापासून मुलगा दिलीप, सून आणि नात प्रज्ञा यांच्यासोबत ती गावीच असते. आमचा मोहल्ला गावाच्या शेवटी, बुद्धविहाराच्याही पलीकडे. माझा आजोबा जन्मभर दुसऱ्याचा धान कापत राहिला, दुसऱ्याचे भारे डोक्यावर वाहत राहिला. मोठीमाय आणि मोठ्या बाबांनी मिळून रस्त्याकाठची एक बांधी घेतली, ती आमच्या घराण्यातली पहिली जमीन. आमच्या भागात धानाच्या एकेका चौकोनाला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. मोठीमाय कधी शेतात गेले असं म्हणत नाही. आपल्या बांधीत गेले, असं म्हणते. त्या 'आपल्या'वर तिचा आवाज जरासा टेकतो, थकल्या माणसानं ओट्यावर टेकावं तसा.

कापणीच्या दिवसांत एखाद्या रविवारी शहरातून मदतीला जायचं, ही माझी हौस. मदत म्हणजे काय, तर पहिल्याच मुठीला अंगठा कापून घ्यायचा. सकाळचं दव अजून लोंब्यांवर असतं, बायांची रांग वाकलेली, विळ्यांचा सर्र सर्र एकसारखा आवाज, कापलेल्या धानाच्या कडपा मागे पसरत जातात, आणि त्या सगळ्या लयीत माझं एक "आई गं" घुसतं. मग मोठीमाय न बघताच म्हणते, "झालं का बापू? जा, चाय आन."

त्या रविवारीही अंगठ्याला चिंधी बांधून मी चहाची किटली घेऊन धुऱ्याधुऱ्यानं येत होतो. धुऱ्यावर तूर फुललेली, तिच्या पिवळ्या फुलांवर माशा घोंगावत होत्या. बांधीभोवती दरसालसारख्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या बांधल्या होत्या. वाऱ्यानं लुगडी हलली की रानडुकरं बिचकतात, आत शिरत नाहीत. त्या लुगड्यांत मला वेगळंच काही दिसलं. धारदार तासलेल्या, एकसारख्या खुंट्या. त्यांवर चकचकीत लाल फडकी. आणि प्रत्येकीवर रंगानं घातलेला आकडा.

"मोठीमाय, हे काय?"

"डुकरायसाठी," ती म्हणाली. "त्या तिकडे नाल्याजवळ सरकारनं गाडून ठेवल्या होत्या. तिथं काय कामाच्या? मीनं इकडे आनल्या."

मी हसलो. किटली हलेपर्यंत हसलो. सरकार आता डुकरंही हाकलून देतं म्हणून दोन शब्द बोललोही. मग एका खुंटीवरचा आकडा वाचला, त्याखालची मोजणीवाल्यांची बाणाची खूण बघितली, आणि किटली खाली ठेवली. ही डुकरांची खुंटी नव्हती. ही माझी मेट्रो होती. टपरीवर, फिरण्याच्या मंडळात, कॅलेंडरच्या मागे, जिथे तिथे मी हाक मारून बोलावलेली. आणि ती थेट आमच्या घराण्याच्या पहिल्या जमिनीत पाय रोवून उभी राहिली होती.

ऐन कार्तिकात मला घाम फुटला.

दुपारी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून आम्ही जेवायला बसलो. दिलीपदादा राईस मिलचा टेम्पो चालवतो, बोलतोही रस्ता अडवल्यासारखा. मी हळूच सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हंजे तुझी रेल्वे आमच्या बांधीतून जाईन?"

"माझी नाही दादा. सरकारची."

"गावभर त तूच सांगून राहिला होता. मेट्रोसाहेब."

ही पदवी खेड्यापर्यंत पोचलेली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी लगेच बाजू बदलली. इतक्या वेगानं पक्ष बदलणारा माणूस मी तोवर स्वतःच्या घरात पाहिला नव्हता. विरोध करू, अर्ज देऊ, मोर्चा काढू, रुळांवर झोपू, असं मी बोलत सुटलो. प्रज्ञा ताटातला भात चिवडत ऐकत होती. गोंदियाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती ती तेव्हा. तिनं विचारलं, "काका, रूळ आल्याशिवाय रुळांवर झोपाल कसे?"

 मोठीमायनं वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

दिलीपदादाचा राग मग दुसरीकडे वळला. "अन् तू," तो प्रज्ञाला म्हणाला, "हे वर्ष करून घे. पुढचं पाहू. रोज रोज हा तमाशा मले जमत नाई." तमाशा म्हणजे तिचं घरी येणं. एसटी फक्त पुढच्या फाट्यावर थांबे. तिथून मागे, धानातून, नाल्याच्या काठाकाठानं चालत यावं लागे. कार्तिकात दिवस लवकर मावळतो, आणि दिवस मावळताना डुकरं नाल्यातून वर येतात. शिवाय दोन पायांची जनावरंही असतात, ती लुगड्याला बिचकत नाहीत. रोज संध्याकाळी मोठीमाय काठी आणि बॅटरी घेऊन फाट्यावर नातीला घ्यायला जाई. दादा मिलवरून उशिरा सुटे. मोहल्ल्यातल्या दोघी पोरींचं कॉलेज याच रस्त्यानं आधी मधेच बंद पाडलं होतं. घरी यायच्या रस्त्यानं, कॉलेजच्या नव्हे.

पुढच्या रविवारी इंजिनिअर आला. तरुण, टोपी घातलेला, पायात चिखल. तिपाईवर यंत्र, सोबत दोन माणसं. नाल्याजवळ खुंट्या शोधत शोधत तो आमच्या बांधीपर्यंत पोचला आणि थबकला. लुगड्यांच्या मधोमध त्याचं सरकारी काम वाऱ्यावर फडफडत होतं.

"अम्मा, ये खूँटियाँ यहाँ किसने लगाईं?"

मी पुढे झालो. शिकलेला माणूस पुढे होतोच. हिंदी-मराठीची भेळ करून मी त्याला सगळं समजावलं. आमच्याकडे डुकरं, लुगडी, लाल रंग, म्हातारी माणसं, भोळी माणसं. भोळी हा शब्द मी दोनदा वापरला. तो हसला.

"कोई बात नहीं. खूँटी सरकाने से लाइन नहीं सरकती, अम्मा. लाइन इसमें है." त्यानं यंत्रावर थाप मारली. मग हातातल्या पडद्यावर बोट फिरवत दाखवलं. रेघ नाल्याच्या पलीकडून जात होती, गावाच्या त्या अंगानं. "आपकी ज़मीन को कुछ नहीं होगा."

दिलीपदादानं मला मिठी मारली. जन्मात पहिल्यांदा. त्याच्या अंगाला कोंड्याचा आणि डिझेलचा वास येत होता. बांधी वाचली होती. विहारात खीर वाटायची, नव्या तांदळाची, असं वहिनी म्हणालीसुद्धा. मी चहा आणायला वळलो, आणि मोठीमायनं विचारलं,

"मंग थांबा कोठी?"

इंजिनिअरनं पलीकडच्या गावाचं नाव घेतलं. नाल्याच्या त्या बाजूला.

"अन् आपल्या इकडे?"

"इधर नहीं है, अम्मा."

मोठीमाय धुऱ्यावर बसली.  विळा बाजूला ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"मोठीमाय, अगं बांधी वाचली," मी ओरडून सांगितलं. तिला ऐकू आलं नसावं असं मला वाटलं.

"आयकलं मीनं. भैरी नाई मी." मग थोड्या वेळानं, "अन् भोळी बी नाई. डुकराचं फडकं अन् रेल्वेचं फडकं मले वेगळं वळखू येत नाई का? गाडत होते तवाच मीनं त्या पोट्ट्याले इचारलं, कायचं हाय बापू. तो म्हने, रेल्वे. म्हनून त आनल्या."

"आणल्या कशाला पण?"

"आपल्या बांधीत आली पायजे म्हनून."

 तुरीवरच्या माशा ऐकू येत होत्या. दादाचा हात माझ्या खांद्यावरून गळून पडला. माझं तोंड, सांगायला नकोच.

"हा बाजूवाला दरसाल आपला धुरा हातभर सरकवते," मोठीमाय म्हणाली, "अन् तेवढी जमीन त्याची होते. कोन त्याले इचारते? मले वाटलं, खुंटी सरकवली त रेल्वे बी आपली होईन."

"आणि बांधी गेली असती तर?"

"गेली असती." तिनं बांधीकडे पाहिलंही नाही. "रस्ता आला, आपल्या मोहल्ल्यात शेवटी आला. लाईट आली, शेवटी आली. नळ आला, तोही शेवटी. तवर गावाचं पानी भरून होऊन जाये. एक गाडी त पहिले आपल्या इथं थांबू दे. पोट्टी उतरली की घर दिसलं पायजे." मग दादाकडे वळून, "बांधी राहून काय करू? तू त तिले घरी बसवून राहिला."

दादा टेम्पोच्या दिशेनं चालू लागला.  इंजिनिअरला मराठी किती कळलं कोण जाणे. त्यानं खुंट्या गोळा केल्या, गाडीत टाकल्या. शेवटची उपटायला वाकला आणि तशीच ठेवून सरळ झाला. "ये रहने दो अम्मा के पास," असं आपल्या माणसाला म्हणाला.

घरी येऊन मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं. लाल रेघेकडे पाहत बसलो. रेघ बांधीवरून जात होती की नाल्याच्या पलीकडून, ते सांगता येईना. कोऱ्या कागदावर ना बांधी होती, ना नाला, ना एक म्हातारी, जिनं आपलं सगळं त्या रेघेखाली अंथरलं असतं. इतके दिवस मी गाडी कुठून जावी ते रंगवत होतो. ती कोणाच्या दाराशी थांबावी हे मी फक्त आमच्या गल्लीपुरतं ठरवलं होतं. सौ.ला सारं सांगितलं.  ती म्हणाली, "नळ उद्या दुरुस्त करून टाका." मोहल्ल्यात नळ शेवटी आला होता आणि आमच्या मोरीत कधीचं पाणी वाया चाललं होतं; तिच्या बोलण्याचा संबंध मला त्या रात्री नीट लागला.

त्यानंतर रेल्वेचं काय झालं? व्हायचं ते. पुन्हा मोजणी होणार, असं ऐकू आलं. मग काहीच ऐकू आलं नाही. टपरीवर दुसरे विषय आले. मला मेट्रोसाहेब म्हणणारे आता नुसतं साहेब म्हणतात, तेही उधारीवर चहा हवा असला तर. प्रज्ञाला दादानं घरी बसवलं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. मात्र एसटी अजून फाट्यावरच थांबते, आणि तिथपर्यंत जायला मोठीमायचे गुडघे आता ऐकत नाहीत.

हे सगळं परवा त्या वासानं पुन्हा वर काढलं. स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून मी बांधीत उतरलो आणि जागीच थांबलो. सगळीकडे पिवळा धान उभा, कापणीला चार दिवस तरी अवकाश. रस्त्याकडच्या कोपऱ्यातला मात्र कापलेला. तिथे रस्त्याच्या झाडांच्या सावलीमुळे दाणा उशिरा भरतो. तो धान हिरवा होता. हिरवाच कापला होता. आमच्या भागात माणूस काहीही करेल, हिरवा धान कापणार नाही. कडपा बाजूला ओढल्या होत्या, ढेकळं फोडून, शेणानं सारवून, अंगणासारखी जागा केली होती. आणि रस्त्याच्या अगदी कडेला ती एकुलती खुंटी, ऊन खाऊन गुलाबी पडलेलं फडकं लावून.

"मोठीमाय, हिरवा धान?" कडपा ओढणाऱ्या तिला मी विचारलं.

"मंग पोट्ट्या उतरल्यावर उभ्या कोठी राहतीन? चिखलात?"

"पण इथे कोणती गाडी थांबते?"

"थांबन."

सूर्य नाल्यामागे गेला होता. थंडी पायाच्या बोटांतून वर चढत होती. दुरून गोंदियाकडून एसटीचे दिवे दिसले. मोठीमाय कडपा ओढत होती, ती तशीच उठली, लंगडत रस्त्याच्या मधोमध गेली आणि हात वर केला. हातात विळा होता, तो ठेवायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचलं असावं. ब्रेक किंचाळले. धूळ, डिझेल आणि धानाचा वास एकदम अंगावर आला.

"मावशी, मराचं हाय का?" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

"मराचं असतं त विळा कायले आनला असता?"

आतून पोरींचा हशा ऐकू आला. दार उघडलं. आधी प्रज्ञा उतरली, मागून मोहल्ल्यातल्या धाकट्या, यंदाच कॉलेजला लागलेल्या दोघी. आपापल्या बॅगा सावरत त्या सारवलेल्या जागेवर उभ्या राहिल्या. तिथून मोहल्ल्यातला पहिला दिवा दिसत होता.

कंडक्टर पायरीवर आला. "हे स्टॉप नाई, मावशी. रोज नाई थांबत इथं. चढाले कोनी हाय का? मंग बोला."

मोठीमायनं चौफेर पाहिलं. चढायला कोणीच नव्हतं. धान होता, खुंटी होती, पोरी होत्या. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिच्या हाताचा माझ्या पाठीत एक धक्का बसला.

"हा चढते."

"मोठीमाय, माझी स्कूटर—"

"चढ. आज कोनी नाई चढलं त उद्या म्हनतीन, इथं सवारीच नाई."

दार लागलं. मी आत होतो. कंडक्टर तिकिटासाठी माझ्याकडे पाहत होता आणि मी मागच्या काचेतून मागे पाहत होतो. अंधूक होत जाणारा हिरव्या कडपांचा कोपरा, तीन पोरी, आणि विळ्यानं वाट दाखवत चाललेली ती. गाडी माझ्या घराच्या नेमक्या उलट दिशेला पळत होती.

फोन वाजला. सौ. होती.

"कुठे आहात?"

"एसटीत."

"अन् स्कूटर?"

"धानात."

 "चालले कुठे पण?"

"गोरेगावला."

"या वेळेला? कायले?"

"गाडी थांबली होती म्हणून," मी म्हणालो.